शुश्रूषा आणि अधिकार

राजहट्ट, बालहट्ट आणि स्त्रीहट्ट असे हट्टाचे तीन प्रकार आपल्याकडे परंपरेनें मानले गेले आहेत, आणि या तिहींपुढें शहाण्यानें मान तुकवावी असा व्यवहाराचा उपदेशहि त्याबरोबर केला जातो. ही यादी ज्या कोणीं केली त्याच्या नजरेंतून एक प्रकार सुटला असावा, अशी शंका आम्हांस अलीकडे येऊं लागली आहे. आजारी माणसाच्या उशाशीं बसून त्याचें हित पाहणाऱ्या निरोगी माणसाचा जो हट्ट, त्यास या यादींत स्थान नाहीं. याचें कारण उघड आहे. त्या हट्टास आपण हट्ट म्हणतच नाहीं. कोणी त्यास काळजी म्हणतो, कोणी कर्तव्य म्हणतो, कोणी प्रेम म्हणतो. रोग्यानें सांगितलेलें ऐकलें नाहीं तर तो हट्टी; शुश्रूषा करणाऱ्यानें रोग्याचें ऐकलें नाहीं तर तो दक्ष! ज्यास दुसऱ्याचें हित करावयाचें आहे, त्यास त्या दुसऱ्यावर कितपत सत्ता चालवितां येते, हा प्रश्न नीतिशास्त्रांत जुना आहे. परंतु आमच्यापुढें तो ग्रंथांतून आला नाहीं, स्वयंपाकघराच्या दारांतून आला. म्हणून आधीं तो वृत्तांत सांगणें भाग आहे.

आमच्या पत्नीस गेलीं दोन वर्षें कमरेपासून उजव्या पायाच्या घोट्यापर्यंत कळ येत असे. आयुर्वेदानें ज्यास गृध्रसी म्हटलें आणि बोलण्यांत ज्यास आपण सायटिका म्हणतों, तें हें दुखणें. दोन मणक्यांमधील चकतीचा आंतला मऊ भाग बाहेर सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो व त्यामुळें पायांत कळ उतरते, हें अमेरिकेंतील मिक्स्टर व बार या दोघां शल्यवैद्यांनीं १९३४ मध्यें दाखवून दिलें. आणि तेव्हांपासून तो सरकलेला भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. औषधें, शेक, व्यायाम हें सर्व करून झाल्यावर आमच्याकडेहि तीच वेळ आली. गेल्या मार्गशीर्षांत शस्त्रक्रिया झाली व ती चांगली झाली. दुसऱ्या दिवशीं शल्यवैद्यांनीं स्वतः हात धरून तिला खोलीबाहेर चालविलें, आणि तिसऱ्या दिवशीं घरीं जाण्यास परवानगी दिली. निघतांना सूचना मिळाल्या त्या अशा: रोज चालावें, व दररोज थोडें अधिक चालावें, सहा आठवडे कमरेंत वांकूं नये, जड उचलूं नये, कमरेस पीळ पडेल असें वळूं नये, आणि एका जागीं फार वेळ बसूं नये. या सूचनांमागील कारण समजण्यास कठीण नाहीं. सरळ उभें राहण्यापेक्षां पुढें वांकून वजन उचलण्यानें चकतीवरील दाब कितीतरी वाढतो, हें स्वीडनमधील नाखेमसन यांनीं १९६० नंतरच्या काळांत जिवंत माणसांच्या चकतींत सुई घालून प्रत्यक्ष मोजलें होतें.

सूचनांचा कागद आम्हीं खिशांत घातला, आणि तेथूनच आमच्या अंमलास प्रारंभ झाला. आमची पत्नी स्वभावानें ऐकणाऱ्यांपैकीं नव्हे. लग्न झाल्यापासून तीस वर्षें ती पहाटे पांचाला उठत आली आहे. अंगांत ताप असतां तिनें पाहुण्यांचा स्वयंपाक केला आहे. आमच्या तुटपुंज्या पगाराच्या दिवसांत मुलीचें शिक्षण जमणार नाहीं असें आम्हीं दहा वेळां म्हटलें, आणि तिनें तें पुरें करून दाखविलें आहे. या गुणास आम्ही आजवर चिकाटी म्हणत आलों. चार लोकांत त्याची प्रशंसाहि केली. परंतु तोच गुण आमच्या सूचनांच्या आड येतांच आमच्या तोंडीं त्याचें नांव हट्ट असें झालें. पंधरा लिटर पाण्याची बादली पंधरा किलोंहून अधिक भरते, हें आम्हीं तिला गणित मांडून सांगितलें; तिनें तें शांतपणें ऐकलें, आणि दुसऱ्या दिवशीं अर्धी बादली उचलली. तिच्या पलंगाशेजारीं आम्हीं घंटा ठेविली. ती एकदांहि वाजली नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्यांपाशीं आम्ही गाऱ्हाणें सांगत असूं. ते मान हालवून आम्हांस सहानुभूति दाखवीत व तिला उपदेश करीत.

एकोणिसाव्या दिवशीं पहाटे कसल्याशा आवाजानें आम्ही जागे झालों. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत जमिनीलगत आमचा लहानसा देव्हारा आहे. त्याच्यापुढें ती गुडघे टेंकून, पुढें वांकून बसली होती. समई पुसून झाली होती, आणि तिला उठतां येत नव्हतें. आम्हीं काखेंत हात घालून तिला उठविलें. इजा कांहीं झाली नव्हती. पण त्या दोन मिनिटांत आमच्या मनांत जें भय शिरलें, तें आठवलें म्हणजे अद्यापि आमचे हात गार पडतात. भयाचा लगेच राग झाला, आणि रागाच्या भरांत आम्ही बोलून गेलों: "कालच डॉक्टरांशीं फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, सहा आठवडे पुरे नाहींत; तीन महिने तूं कांहीं करायचं नाहींस." असें कोणतेंहि बोलणें झालें नव्हतें. तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें, "बरं," म्हणाली, आणि खोलींत जाऊन निजली.

त्या दिवसापासून घरांत शांतता झाली. सांगितलें तेवढेंच ती चाले, सांगितलें तेव्हां निजे. टांके आधींच निघाले होते व पुढची तपासणी तीन महिन्यांवर होती, त्यामुळें आमचें असत्य उघडें पडण्याचा संभव नव्हता. आम्हांस पश्चात्ताप तर झाला नाहींच. उलट एक प्रकारचें समाधान वाटूं लागलें, आणि त्या समाधानांत तिच्या प्रकृतीचा भाग किती व तिच्या आज्ञाधारकपणाचा किती, हा हिशेब आम्हीं कधीं केला नाहीं. सातव्या आठवड्यांत तिनें आपली विळी घरकामास येणाऱ्या बाईंना देऊन टाकली. ती विळी तिला तिच्या आईनें लग्नांत दिलेली. आम्हीं मनांत म्हटलें, आतां खरी समज आली.

तीन महिन्यांनीं शल्यवैद्यांनीं तपासलें, पायांची शक्ति पाहिली, आणि हंसून विचारलें, "सहा आठवड्यांनंतर घरचीं कामं सुरू केलींत ना? आतां कशाची भीति नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. परत येतांना रिक्षांतहि बोलली नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर म्हणाली: "तुम्ही खोटं बोललांत, त्याचं मला एवढं वाटत नाहीं. पण दीड महिन्याचे तीन महिने झाले, तेव्हां मी समजलें कीं ऑपरेशन बिघडलं आहे आणि तुम्ही मला सांगत नाहीं. दोन महिने मी तेंच मनांत धरून होतें. आतां मी कायमची अधू झालें, असं वाटलं म्हणून विळी देऊन टाकली. आणि तुम्हांला बरं वाटत होतं, मी ऐकतें म्हणून."

या बोलण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. परंतु मन आपल्या बचावास फार तत्पर असतें, आणि त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या आम्हीं स्वतःच्या वतीनें जे युक्तिवाद केले, ते वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें. कारण ते आमचे एकट्याचे नसावेत.

पहिला युक्तिवाद हेतूचा. आमचा हेतु शुद्ध होता, आणि जें केलें तें तिच्याच हितासाठीं केलें. जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या विचारांचा आपल्याकडे आगरकरांवर मोठा प्रभाव पडला. त्यानें १८५९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत, मनुष्याचें स्वतःचें हित हें त्याच्यावर सक्ति करण्यास पुरेसें कारण नव्हे असें प्रतिपादन केलें आहे. तेथें त्यानें पुलाचें एक उदाहरण दिलें आहे. मोडकळीस आलेल्या पुलावर कोणी पाय ठेवीत असेल व त्यास सावध करण्यास वेळ नसेल, तर त्यास धरून मागें ओढावें; कारण नदींत पडावें अशी त्याची इच्छा नाहीं. परंतु धोका निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर तो त्यास समजावून सांगावा आणि जाणें न जाणें त्याच्यावर सोंपवावें. या कसोटीस आमचें वर्तन लावून पाहिलें तर काय दिसतें? त्या पहाटे हात धरून उठविलें तें योग्यच झालें. पण नंतर आम्हीं जें केलें त्यांत धोका समजावून सांगणें नव्हतें. सहा आठवड्यांत सुरक्षित होणारा पूल तीन महिने मोडकाच राहणार, असें आम्हीं सांगितलें. हेतु शुद्ध असल्यानें ती माहिती खरी झाली नाहीं, आणि त्या माहितीवर तिनें जें दुःख उभारलें तेंहि कमी झालें नाहीं.

दुसरा युक्तिवाद अधिक सबळ आहे. मिल्लचा सिद्धांत परक्यांच्या समाजाला ठीक. पण पतिपत्नींमध्यें एकाचें शरीर सर्वस्वीं त्याचें एकट्याचें कोठें असतें? ती पडली असती तर रात्रीं उठणारे आम्हीच होतों. तिचा पाय लुळा पडला असता तर तें दुःख आमच्याहि वांट्याचें होतें. हें सर्व खरें आहे, आणि म्हणूनच ज्यास परिणाम भोगावयाचा आहे त्यास बोलण्याचा हक्क आहे. त्यानें विनवावें, रागवावें, प्रसंगीं अबोला धरावा. हें सारें संसाराच्या मर्यादेंत बसतें, कारण यांत दुसऱ्यास खरें काय तें ठाऊक असतें आणि निर्णय त्याचाच राहतो. असत्य सांगितलें कीं तिचा निर्णय तिच्या नकळत आमचा होतो. आम्हांला भीति वाटते, एवढें बोलण्याचें धैर्य नसल्यामुळें आम्हीं डॉक्टरांचें नांव पुढें केलें. भय आमचें आणि अधिकार त्यांचा, असा तो व्यवहार होता.

या बाबतींत महात्मा गांधींच्या आत्मकथेंतील दोन प्रसंग मननीय आहेत. ही आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली, पण प्रसंग त्यापूर्वींचे, दक्षिण आफ्रिकेंतील वास्तव्याचे आहेत. कस्तुरबांवर डर्बन येथें शस्त्रक्रिया झाली होती व प्रकृति फार क्षीण झाली होती. गोमांसाचा रस द्यावा असें तेथील डॉक्टरांचें मत पडलें. गांधी जोहान्सबर्ग येथें होते. कस्तुरबांची स्वतःची इच्छा असेल तरच द्यावा, असें त्यांनीं दूरध्वनीवरून कळविलें. पुढें ते डर्बनला पोंचले, तेव्हां डॉक्टरांनीं शांतपणें सांगितलें कीं दूरध्वनी करण्यापूर्वींच रस देऊन झाला होता, आणि रोगी वांचत असेल तर त्यास किंवा त्याच्या आप्तांस फसविणें आम्ही वैद्य लोक पुण्यच समजतों. गांधींना अतिशय वेदना झाल्या. तरी ते डॉक्टर सज्जन व आपले स्नेही होते, हें नमूद करण्यास ते चुकले नाहींत. नंतर कस्तुरबांना विचारण्यांत आलें, त्यांनीं साफ नकार दिला, आणि तशा नाजूक अवस्थेंत, पावसांत, त्यांना फिनिक्सच्या वसाहतींत हलविण्यांत आलें.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा. दुखणें पुन्हां उलटलें, तेव्हां गांधींनीं मीठ व डाळी सोडण्याचा आग्रह धरला व ग्रंथांचे आधारहि दिले. तुम्हांला कोणी सांगितलें तर तुम्हांलाहि हें जमणार नाहीं, असें कस्तुरबा म्हणाल्या. त्यावर, तूं सोड वा न सोड, आपण मात्र एक वर्षासाठीं दोन्ही सोडलीं, असें गांधींनीं तत्क्षणीं सांगून टाकलें. कस्तुरबा कळवळल्या, मी सोडतें, पण तुम्ही आपला शब्द मागें घ्या, म्हणून विनवूं लागल्या. तो मागें घेतला गेला नाहीं. अखेर पतीलाच हट्टी म्हणून, हे कोणाचेंच ऐकत नाहींत असें म्हणून त्यांनीं डोळ्यांतून पाणी काढलें. गांधी या प्रसंगास सत्याग्रह म्हणतात व आपल्या गोड आठवणींत त्याची गणना करतात. कस्तुरबांच्या म्हणण्यांतहि तथ्य नव्हतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. स्वतःवर क्लेश ओढवून घेऊन दुसऱ्यास नमविणें, हा देखील बळाचाच एक सौम्य प्रकार होऊं शकतो. तथापि त्यांत आणि त्या डॉक्टरांच्या वर्तनांत मोठें अंतर आहे. येथें कस्तुरबांपासून कांहीं लपविलें नव्हतें, आणि जो नियम त्यांना सांगितला तो सांगणाऱ्यानें आपल्यावरहि घेतला होता. आम्हीं सत्यहि सांगितलें नाहीं आणि नियमहि पाळला नाहीं. तिला निजावयास सांगून आम्ही रोज सकाळीं टेकडीवर फिरावयास जात होतों!

शुश्रूषा हा शब्द 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ. गुरूपाशीं बसून ऐकण्याची इच्छा, त्यावरून गुरूची आज्ञा पाळणें, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रोग्याची सेवा असा तो अर्थ विस्तारत गेला. मराठींत आपण हा शब्द शेवटच्या अर्थीं वापरतों आणि पहिला विसरतों. शुश्रूषा करणारा तो वास्तविक ऐकणारा. आम्हीं मात्र तीन महिने रोग्यानेंच ऐकावें अशी अपेक्षा केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० च्या सुमारास रोगीसेवेवर जें छोटेंसें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत धास्ती, अनिश्चितता व वाट पाहणें यांनीं रोग्यास श्रमापेक्षांहि अधिक अपाय होतो असें बजाविलें आहे. रोग्याच्या खोलींत किंवा दाराशीं चाललेल्या कुजबुजीस तर त्यांनीं क्रूरपणाच म्हटलें आहे. कारण आपल्याविषयीं काय चाललें आहे हें समजून घेण्याच्या ताणानें रोगी झिजत राहतो. आमचें असत्य ही एक दोन महिने चाललेली कुजबूजच होती.

बरें, शरीरापुरतें तरी आम्हीं तिचें हित साधलें काय? तेंहि सांगतां येत नाहीं. साध्या कंबरदुखीस सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षां दोन दिवसांची विश्रांति कमी गुणकारी ठरत नाहीं, असें १९८६ मध्यें अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें, आणि पुढें दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचें महत्त्व ओसरत गेलें. चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांवर कोणतेंहि बंधन न घालतां त्यांना लवकर नित्य व्यवहारास लावण्याचे प्रयोगहि १९९० नंतरच्या दशकांत झाले, व त्यांत विशेष अपाय आढळला नाहीं. शल्यवैद्याच्या सूचना त्या त्या रोग्यास पाहून दिलेल्या असतात. त्यांचें उल्लंघन करावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्यांत आपल्या भयाची भर घालूं नये, एवढेंच म्हणणें आहे. काम न दिलेले स्नायु दुबळे होतात, आणि आमच्या पत्नीच्या पाठीचे स्नायु आम्हीं दीड महिना विनाकारण बसवून ठेविले.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला एक प्रश्न विचारला, जो एकोणिसाव्या दिवशींच विचारावयास हवा होता: त्या पहाटे ती उठली कशाला? तिनें सांगितलें कीं, निजून पाठ ताठते व चाललें म्हणजे मोकळी होते, म्हणून ती रोजच पहाटे उठून घरांतल्या घरांत फिरत असे. फिरतांना देव्हाऱ्याकडे लक्ष जाई. तिला रुग्णालयांत नेल्यापासून देवापुढें दिवा लागला नव्हता. आमच्या तें ध्यानांतहि आलें नव्हतें. पूजेअर्चेवर आमची फारशी श्रद्धा नाहीं, पण प्रश्न आमच्या श्रद्धेचा नव्हता. कोणी तरी लावील म्हणून तिनें अठरा दिवस वाट पाहिली, आणि मग ती स्वतः खालीं बसली. आम्हीं जिला हट्ट म्हणून तीन महिन्यांची शिक्षा केली, ती गोष्ट एवढीच होती. आम्हीं सुतारास बोलावून देव्हारा भिंतीवर छातीइतक्या उंचीला बसवून घेतला. तें काम तासाभराचें निघालें. नेहमीचीं पातेलीं खालच्या फळीवरून ओट्यावर आलीं. डॉक्टरांचा कागद तिच्या हातीं दिला. तिनें तो वाचला, घडी घातली, आणि आपल्या कपाटांत ठेविला.

रोगी म्हणेल तें सर्व करावें, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. शस्त्रक्रियेच्या रात्रीं गुंगींत ती पलंगावरून उतरूं लागली, तेव्हां आम्हीं तिला धरून ठेविलें, आणि पुन्हां तसा प्रसंग आला तर पुन्हां धरून ठेवूं. बुद्धि झांकलेली असतांना दुसऱ्यानें तिच्या वतीनें विचार करावा लागतो. परंतु बुद्धि जागी असून केवळ मत आमच्याहून निराळें आहे, तेथें आमचा अधिकार संपतो. तेथें शुश्रूषा करणाऱ्यास खरें सांगतां येतें, कारण विचारतां येतें, आणि तोल गेला तर सांवरावयास जवळ उभें राहतां येतें. यांतील शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत कठीण जाते. ती ओट्याखालचा डबा काढावयास गुडघ्यांत वांकते, तेव्हां आमचा हात आपोआप पुढें होतो, आणि तो मागें घेण्यास आम्हांस दरवेळीं प्रयास पडतात.

विळी परत आली नाहीं. दिलेली वस्तु मागतां येत नाहीं, आणि खालीं बसून चिरणें तिनें आतां आपण होऊनच सोडलें आहे. ओट्याशीं उभी राहून ती सुरीनें भाजी चिरते. सुरीला विळीची सर नाहीं, असें दिवसांतून एकदां तरी म्हणते. आम्ही तें ऐकून घेतों.